भंडारा उचलला तरी मत मोकळेच

मतदानाच्या आदल्या रात्री घरटी पाकीट पोचते आणि पाठोपाठ देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावतात. ग्रामीण महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. शिरूर-दौंडच्या वाचकाला तर तो समजावून सांगायचीही गरज नाही. एकदा भंडारा उचलला की मत बांधले गेले, असे कितीतरी माणसे मनापासून मानतात. शब्द मोडला तर लेकराबाळांवर येईल, ही भीती खरी असते. तिची टिंगल करू नये, पण कायदा काय सांगतो ते त्या माणसांपर्यंत पोचवले पाहिजे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार मतासाठी पैसे देणे गुन्हा आहे आणि घेणेही. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम १७१ त्याहून पुढे जाते. अमक्याला मत दिले नाहीस तर देव कोपेल, अशी भीती मतदाराला घालणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. ही तरतूद आजची नाही. १९२० साली ती जुन्या दंडसंहितेत आली आणि तिथून नव्या कायद्यात. म्हणजे दोष लागायचा तर तो शपथ घालणाऱ्याला लागेल. दबावाखाली दिलेला शब्द मतदानयंत्रासमोर पाळायला कोणीही बांधलेले नाही.

‘कुणाला मत दिलं ते त्यांना कळतंच’ हा दुसरा समज. एका माणसाचे मत कोणालाही कळू शकत नाही. यंत्रात कोणते बटण कोणी दाबले याची नोंदच नसते. मात्र या समजाला थोडा आधार आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मोजणी केंद्रनिहाय होते. एका केंद्रावर काही शे मते असली आणि ती एका-दोन वस्त्यांचीच असली, तर वस्तीचा कल उघडा पडतो. मग ‘तुमच्या वस्तीनं आम्हाला मतं दिली नाहीत’ असे म्हणत नळाचे पाणी, रस्ता, घरकुल अडवले जाण्याची भीती उरते. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजावीत, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली केली होती, पण ती अमलात आली नाही. माझ्या मते स्थानिक निवडणुकीला तिची सर्वांत जास्त गरज आहे, कारण दबाव टाकणारा इथे रोज समोर दिसतो. ऊस तोडायला आलेली टोळी, बांधावरची वाट, हातउसने पैसे, सगळे त्याच्याच हातात असते. तरीही मतावरून धमकी देणे हा गुन्हाच राहतो आणि त्याची लेखी तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करता येते.

गावाने एकमताने बिनविरोध निवड केली की वाद मिटतो, असेही म्हणतात. खरोखर एकमत असेल तर तक्रार नाही. पण उमेदवारीच लिलावात काढली तर? जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे पुढे आले आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. पैसा देवळाच्या कामाला जाणार होता, हे कारण चालले नाही. ज्याच्याकडे बोली लावायला पैसे नाहीत, त्याचा उभे राहण्याचा हक्क त्या लिलावात विकला जात होता.

‘नोटा’ दाबणे म्हणजे मत वाया घालवणे, हा समज नगरपरिषदेपुरता तरी सोडून द्यावा. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. दुसऱ्यांदाही तसेच झाले, तर मात्र उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो.

आणखी एक गोंधळ मतांच्या संख्येचा. जिल्हा परिषद-पंचायत समितीला दोन मते द्यायची असतात, एक गटाला, एक गणाला. शिरूर किंवा दौंड नगरपरिषदेत नगराध्यक्षाचे मत वेगळे आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेचे वेगळे.

आता यादीकडे. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावे घालत नाही. ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन तो ती गट, गण, प्रभागांत विभागतो. त्या तारखेनंतर केलेली धावपळ त्या निवडणुकीपुरती फुकट जाते. शिरूर तालुक्यातली बरीच गावे विधानसभेला आंबेगावात मोडतात, पण जिल्हा परिषदेला त्यांचा गट शिरूर तालुक्यातलाच. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत राहून काम करणाऱ्याला इथे नाव नोंदवता येते, मात्र गावाकडचे नाव काढून. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही.

‘कागद नाही म्हणून मत नाही’ हा सर्वांत दुखरा गैरसमज आहे. पालावर, उघड्यावर राहणाऱ्या पारधी कुटुंबांना तो फार ऐकवला जातो. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजाला जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, पण नजरेतला संशय पुसला गेलेला नाही. बेघर माणसाला नाव नोंदवताना पत्त्याचा कागद लागत नाही. तो सांगतो तिथे तो खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचे, असा भारत निवडणूक आयोगाचा नियम आहे. नावनोंदणीचा फॉर्म ६ भरायचा तो याच आधारावर.

मताचा हक्क हा मानवी हक्कांपैकीच एक. मानवी हक्क म्हणजे परदेशी खूळ, असे म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी आठवून द्याव्यात. १० डिसेंबर १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यातले ‘सर्व माणसे’ हे स्त्रियांनाही सामावणारे शब्द हंसा मेहता यांच्या आग्रहाने आले. त्या मुंबईच्या विधिमंडळात राहिलेल्या. समान मताधिकार आणि गुप्त मतदान याच जाहीरनाम्याच्या कलम २१ मध्ये आहेत. त्याच्या वीस वर्षे आधी, १९२८ साली, मत शेतसारा आणि मालमत्तेवर ठरत होते, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढाला मत मागितले होते. हक्क डावलणारा सरकारी माणूस असेल, तर महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे मराठीतून, विनाशुल्क तक्रार करता येते, घटनेपासून एक वर्षाच्या आत.

यादीत स्वतःचे नाव आजच पाहा. मग शेजारच्या पालावर जा आणि ज्याचे नाव नाही, त्याचा फॉर्म ६ तुम्ही बसून भरून द्या.