गोंधळाची रात्र आणि फाशांचा खेळ

विजयादशमीच्या पहाटे, उजाडण्यापूर्वीच, तुळजापूरच्या मंदिराच्या प्रांगणात पाय ठेवायला जागा उरत नाही. तुळजाभवानीची मूर्ती चल असल्याने ती सिंहासनावरून हलवून पालखीत ठेवली जाते. संबळ वाजू लागतो, 'आई राजा उदो उदो'चा गजर होतो आणि मंदिराभोवती प्रदक्षिणा होऊन देवीचे सीमोल्लंघन पार पडते. त्यानंतर देवी पलंगावर निद्रा घेते, ती थेट कोजागरी पौर्णिमेपर्यंत. या साऱ्या सोहळ्यात अनपेक्षित असे काहीही घडत नाही. पुढे काय होणार हे तेथे जमलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असते. तरीही पिढ्यान् पिढ्या माणसे येतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

या सोहळ्यातील पालखी आणि पलंग या दोन वस्तू तुळजापुरात तयार होत नाहीत, हे अनेक शहरी भाविकांना माहीत नसते. पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून; तिचा मान तेथील भगत घराण्याकडे आहे. पलंग येतो पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून, जुन्नर-नगर असा गावोगावचा मुक्काम करीत. वाटेवरच्या गावांत त्याचे दर्शन घेतले जाते, पूजा होते. म्हणजे सीमोल्लंघनाच्या कितीतरी दिवस आधी, तुळजापूरपासून कित्येक कोस दूर, हा सोहळा सुरू झालेला असतो आणि तो वेळेवर पूर्ण व्हावा याची जबाबदारी अनेक गावांनी आपापसांत वाटून घेतलेली असते.

एक कथा वर्षानुवर्षे चालवायची आणि तिच्यात माणसेही टिकवायची, हा प्रश्न केवळ देवस्थानांपुढचा नाही. पुण्या-मुंबईतील काही तरुण मंडळींना तो अगदी निराळ्या निमित्ताने पडू लागला आहे. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी एखाद्याच्या घरी टेबलाभोवती जमतात, वीस पैलूंचा फासा टाकतात आणि तासन् तास एक गोष्ट मिळून रचतात. या प्रकाराला 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' म्हणतात.

या खेळात पट किंवा सोंगट्या असल्या तरी त्या दुय्यम असतात. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण मात्र 'गेम मास्टर', म्हणजे सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून हा प्रकार जगभर पसरला. एका बैठकीत संपणारी गोष्टही खेळता येते. पण खऱ्या शौकिनांना ओढ असते ती 'कॅम्पेन'ची. तीच पात्रे आणि तेच जग घेऊन महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालणारी ही मोहीम असते.

अशा मोहिमा बहुधा राक्षसाच्या हातून मरत नाहीत, त्या दिनदर्शिकेच्या हातून मरतात. पहिल्या रविवारी सहा जण येतात. मग एकाच्या कार्यालयात काम निघते, दुसऱ्याच्या घरी पाहुणे येतात. चौथ्या बैठकीला सूत्रधारासमोर दोघेच असतात आणि त्यांतला एक मोबाइलमध्ये गुंतलेला असतो. सूत्रधाराने तीन आठवडे खपून तयार केलेले राज्य, त्यातील राजे आणि कारस्थाने वहीतच राहतात. बहुतेक सूत्रधार अशा वेळी कथा अधिक रंजक करण्याच्या मागे लागतात, आणि चूक तेथेच होते.

ही चूक समजून घ्यायची तर तुळजापूरच्याच परंपरेतील गोंधळाकडे पाहावे लागते. लग्न, मुंज, बारसे अशा मंगलकार्यानंतर कुलाचार म्हणून गोंधळ घालण्याची प्रथा महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांत आहे. गोंधळ्यांमध्ये तुळजाभवानीचे उपासक कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे उपासक रेणुराई अशा दोन शाखा मानल्या जातात. ज्येष्ठ संशोधक रा. चिं. ढेरे यांनी 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' या ग्रंथात वासुदेव, पोतराज आदींबरोबर गोंधळ्यांचाही सविस्तर परिचय करून दिला आहे. संबळ, तुणतुणे, झांज आणि तेवती दिवटी एवढ्या साहित्यावर चार-पाच माणसे दिवसभर राबून थकलेल्या लग्नघराला पहाटेपर्यंत जागे ठेवीत, ही गोष्ट सोपी खचितच नव्हती.

आधी चौक भरला जातो. पाटावर नवे वस्त्र, धान्य, कलश, विड्याची पाने अशी मांडणी होते. मग सुरू होते आवाहन. गोंधळी एकेका दैवताला त्याच्या गावाच्या नावासह गोंधळाला बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा असे करीत ही यादी यजमानांच्या कुलदैवतापर्यंत, पाहुण्यांच्या ग्रामदैवतापर्यंत पोहोचते. नवख्या श्रोत्याला ही नामावळी कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. पण आपल्या गावच्या देवाचे नाव येईपर्यंत कोपऱ्यात बसलेली आजी जागची हलत नाही आणि नाव आले की हात जोडते. कथा सुरू होण्यापूर्वीच अंगणातल्या प्रत्येकाचा काही ना काही भाग तिच्यात आलेला असतो.

उत्तररंगात आख्यान लागते. मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार त्याला मध्येच अडवतो. तो अडाणी बनून प्रश्न विचारतो, शंका काढतो, विनोद करतो, कधी एखादे पात्रच होऊन बोलू लागतो. श्रोत्याच्या मनात जी शंका आली असती ती साथीदाराच्या तोंडून आधीच बाहेर पडते. याखेरीज गोंधळ्यांकडे 'करपल्लवी' नावाची सांकेतिक भाषा होती. श्रोत्याने एका गोंधळ्याच्या कानात एखादे नाव सांगायचे, त्याने ते हाताबोटांच्या खुणांनी दूर उभ्या असलेल्या साथीदाराला कळवायचे आणि साथीदाराने ते सर्वांसमक्ष अचूक उच्चारायचे. डुलक्या घेणारे अंगण अशा वेळी खडबडून जागे होत असणार, यात शंका नाही. आता पुढचे नाव कोण सांगणार, यावरून मुलांत चढाओढ लागली तर नवल नाही.

आख्यानांचे विषयही लक्षणीय आहेत. शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगभूमीवर गाजवलेले 'जांभूळ आख्यान' मूळचे याच परंपरेतले. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी आलेला विचार आणि त्याची तिला द्यावी लागलेली कबुली, हा त्याचा गाभा. महाभारताच्या युद्धात कोण जिंकले हे सर्वांना माहीत असते, म्हणून त्या बाजूने उत्कंठा निर्माण होऊ शकत नाही. ती निर्माण होते द्रौपदी आता काय बोलणार यातून. माणसाच्या मनातली एक अडचण रात्रभर पुरते. लढाई तासाभरात संपते.

गंमत अशी की, रोल-प्लेइंग खेळाचा जन्मही अशाच एका शोधातून झाला. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातील डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील युद्धखेळ मांडला. 'ब्राउनस्टीन' नावाच्या काल्पनिक गावाजवळ दोन सैन्ये भिडणार होती. सेनापतींच्या जागा भरल्यावर उरलेल्या खेळाडूंना काही तरी काम हवे म्हणून वेस्लीने त्यांना गावातील भूमिका दिल्या. एक नगराध्यक्ष, एक सावकारी पेढीवाला, एक विद्यापीठाचा प्रमुख, आणि प्रत्येकाला स्वतःचे उद्दिष्ट. झाले असे की, खेळाडू कोपऱ्यात जाऊन आपापसांत सौदे करू लागले, कट रचू लागले आणि लढाई बाजूलाच राहिली. खेळ पार फसला, अशी वेस्लीची समजूत झाली. खेळाडूंनी मात्र असाच खेळ पुन्हा हवा, असा हट्ट धरला. त्या मंडळींत आर्नेसनही होता; पुढे त्याने 'ब्लॅकमूर' नावाची आपली दीर्घ मोहीम याच धर्तीवर उभी केली.

गोंधळातील आवाहन आणि वेस्लीने वाटलेल्या भूमिका यांचे मर्म एकच आहे. अनुभवी सूत्रधार पहिल्याच बैठकीत प्रत्येक खेळाडूला त्याच्या पात्राचे गाव, त्याचे ऋण, त्याचा वैरी, त्याने सोडून आलेले माणूस विचारून घेतो आणि कथेची पुढची वळणे त्यातूनच काढतो. सूत्रधाराने घरी बसून रचलेल्या राजघराण्याच्या वंशावळीपेक्षा खेळाडूने सहज सांगितलेली हरवलेली बहीण अधिक कामाला येते. सहाव्या महिन्यात ती बहीण शत्रूच्या छावणीत दिसली, तर पुढच्या रविवारी तो खेळाडू पाहुण्यांना घरी सोडूनही येतो.

मानकरी हवेत, प्रेक्षक नकोत

तथापि, पात्राचा कथेशी संबंध जुळला एवढ्याने खेळाडूचा बैठकीशी संबंध जुळतोच असे नाही. येथे घोडेगावचा पलंग आठवावा. पलंग आला नाही तर देवीची निद्रा कशावर, हा प्रश्न उभा राहतो. मानकरी असण्याचा अर्थ हाच. जाणते सूत्रधार म्हणूनच खेळाबाहेरची कामे वाटून देतात. एकाने मागच्या बैठकीचा वृत्तान्त लिहायचा, दुसऱ्याने नकाशा काढायचा, तिसऱ्याने पैशाचा हिशेब ठेवायचा. बैठकीच्या आरंभी वृत्तान्त सूत्रधाराने न सांगता खेळाडूने सांगावा, ही साधी युक्ती विलक्षण उपयोगी पडते. त्यातून कोणाला काय लक्षात राहिले आणि काय निसटले, हेही सूत्रधाराला आयते कळते.

गैरहजेरीचा प्रश्न याहून अवघड. सहाही जण आल्याशिवाय खेळायचे नाही असा नियम केला की मोहीम महिनाभरात बंद पडते. १९७४ च्या मूळ नियमांत एका मोहिमेत चारपासून पन्नासपर्यंत खेळाडू असू शकतील असे म्हटले होते. सगळे एकाच वेळी जमतील अशी अपेक्षाच त्यात नव्हती. जो येईल तो खेळेल, जग मात्र चालू राहील, अशी ती कल्पना होती. गायगॅक्सने १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात खेळातील काळाची काटेकोर नोंद ठेवण्यावर भर दिला, तो यासाठीच. पुढे बेन रॉबिन्स या अमेरिकी खेळरचनाकाराने 'वेस्ट मार्चेस' या मोहिमेत ठरलेला वारच काढून टाकला. कोठे जायचे आणि केव्हा जमायचे हे खेळाडूंनी आपापसांत ठरवून सूत्रधाराला कळवायचे. जबाबदारी खेळाडूंकडे गेल्यावर ती मोहीम दोन वर्षांहून अधिक चालली. कॅनडातील इतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट वॉर्डहॉ यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली मोहीम तर चार दशकांहून अधिक काळ चालली. तिच्यात खेळाडू बदलत गेले, जग तेच राहिले. मान घराण्याचा असतो, व्यक्तीचा नसतो, हे बुऱ्हाणनगरला किंवा घोडेगावला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एका बाबतीत तुळजापूरचे पंचांग शहाणे आहे. देवीची निद्रा वर्षातून तीनदा असते. शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी. विश्रांतीचा काळ ठरलेला आहे, तो केव्हा संपणार हेही ठरलेले आहे. खेळाच्या मोहिमेत दहा-बारा बैठकींनंतर एखादे प्रकरण पूर्ण करून महिनाभर थांबणे आणि परतण्याची तारीख आधीच सांगणे, यात कमीपणा नाही. न सांगता पडलेला खंड मात्र तीन आठवड्यांचा झाला की सहसा भरून निघत नाही.

अर्थात, ही तुलना किती ताणायची याला मर्यादा आहे. गोंधळ हा विधी आहे. तो घालणाऱ्या घराची त्यामागे श्रद्धा असते आणि न घातल्यास काही राहून गेल्याची रुखरुखही. फाशांच्या खेळात असे बंधन नसते, आणि शेवट कोणालाही, सूत्रधारालासुद्धा, ठाऊक नसतो. म्हणूनच तेथे माणसे टिकवण्याचे काम अधिक कष्टाचे आहे.

गोंधळापुढेही आता वेळेचा प्रश्न आहेच. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. मंगल कार्यालय रिकामे करण्याची घाई असते आणि पाहुण्यांना परतीची गाडी गाठायची असते. त्यामुळे शहरांतील अनेक घरांत रात्रभराचा गोंधळ तास-दोन तासांवर आला आहे. वेळ कमी पडला की काय गाळायचे, हे गोंधळ्याला ठरवावे लागते. आख्यान आखडते घेतले जाते, विनोदाची छाटणी होते, करपल्लवी तर क्वचितच पाहायला मिळते. आवाहनातले एकही नाव मात्र तो गाळत नाही. चौकापुढे बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी गावचे दैवत त्यात असते, आणि ते आले की नाही हे त्या घरची म्हातारी माणसे कान देऊन ऐकत असतात.