‘लॉस्ट’ शेवटपर्यंत बघावी का?

‘अरे, ते सगळे आधीच मेलेले असतात!’ ‘लॉस्ट’ बघायला घेतलीये असं कुणाला सांगून तर बघा, हे वाक्य तुमच्या तोंडावर आदळणारच. स्पॉयलर म्हणून ते वाईट आहेच, पण मुळात ते चुकीचंही आहे. म्हणूनच आज या मालिकेच्या सहाव्या, म्हणजे शेवटच्या सीझनबद्दल बोलू या. (पुढे स्पॉयलर्स आहेत, बरं का!)

आधी थोडी उजळणी. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर कोसळतं आणि वाचलेल्यांची गोष्ट सुरू होते. अमेरिकेत एबीसी चॅनेलवर २२ सप्टेंबर २००४ ला पहिला भाग आला आणि २३ मे २०१० ला शेवटचा. मधल्या काळात जंगलातलं ध्रुवीय अस्वल, काळ्या धुराचा राक्षस, ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे अशी कोडी साठतच गेली. बरं, मालिका २०१० मध्ये संपणार हे २००७ मध्येच जाहीर झालं होतं. टीआरपी आहे तोवर ताणा, असला प्रकार नाही. लेखकांना शेवटाच्या तयारीला तीन वर्षं मिळालेली, त्यामुळे प्रेक्षकांच्या अपेक्षाही आभाळाएवढ्या!

सहाव्या सीझनचे भाग १८ आणि ट्रॅक दोन. एकात मंडळी बेटावरच झगडतायत. दुसऱ्यात विमान पडतच नाही, सगळे सुखरूप उतरतात आणि वेगळीच आयुष्यं जगत असतात. हा दुसरा प्रकार नेमका काय आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

खरं सांगायचं तर हा सीझन उत्तरं द्यायला बसला की घसरतो. आकड्यांचंच घ्या. गुहेच्या भिंतीवर नावं लिहिलेली दिसतात आणि एकेका नावाला एकेक आकडा. लॉक ४, जॅक २३. पण हेच आकडे का? त्यावर अळीमिळी गुपचिळी. सुरुवातीला बराच वेळ खाणारं ते मंदिर आणि तिथली माणसं पुढे एका फटक्यात कापली जातात. ‘अक्रॉस द सी’ या भागात तर शेवट तोंडावर आलेला असताना जॅक, केट, हर्लीला बाजूला ठेवून दोन भावांची जुनी कहाणी येते. धुराच्या राक्षसाचा जन्म कळतो, पण भीती मात्र पातळ होते.

आणि तरीही हा सीझन बघाच. का? तर ‘डॉ. लायनस’ या एका भागासाठी. बेटावर सत्तेच्या हव्यासापायी मुलीचा जीव गमावलेला बेन दुसऱ्या ट्रॅकमध्ये शाळेत इतिहास शिकवतोय, आणि तीच मुलगी तिथे त्याची विद्यार्थिनी आहे. पुन्हा तोच पेच उभा राहतो: खुर्ची की ॲलेक्स? यावेळी तो तिला निवडतो. मायकेल एमर्सनचा तो चेहरा बघताना कुठलं कोडं सुटलं नि कुठलं राहिलं, याचा हिशेब आपण विसरूनच जातो.

आता ते ‘आधीच मेलेले’ प्रकरण. शेवटच्या भागात जॅकचे वडील त्याला स्पष्ट सांगतात की, जे घडलं ते सगळं खरं होतं. बेट खरं, मैत्री खरी, मरणंही खरी. कुणी जॅकच्या आधी गेलं, कुणी त्याच्यानंतर खूप वर्षांनी. मेल्यानंतरची जागा आहे ती फक्त दुसऱ्या ट्रॅकमधली, सगळ्यांनी पुन्हा एकमेकांना भेटावं म्हणून. मग घोळ कशाने झाला? शेवटच्या श्रेयनामावलीवर चॅनेलने किनाऱ्यावरच्या रिकाम्या अवशेषांची दृश्यं टाकली आणि अनेकांना वाटलं, म्हणजे कुणी वाचलंच नव्हतं!

तेव्हा सगळी टोकं जुळायलाच हवीत असा तुमचा हट्ट असेल, तर हा सीझन तुम्हाला चिडवेल. पण पाच सीझन या माणसांसोबत काढले असतील, तर त्यांचा नीट निरोप घेणं हा तुमचा हक्क आहे. बांबूच्या वनात जॅक आडवा होतो आणि व्हिन्सेंट हा कुत्रा शांतपणे त्याच्याशेजारी येऊन बसतो, तेव्हा रुमाल जवळ असू द्या. आणि श्रेयनामावली सुरू झाली की टीव्ही बंद करा. उगाच गैरसमज नको!