धूर गेला कुठे? वऱ्हाडातल्या बॅटरीवाल्या गाड्यांचा हिशेब

अकोल्याहून रेल्वेने शेगावला निघालेल्या भाविकाला गायगाव मागे पडले की पारसची धुराडी दिसू लागतात. बाळापूर तालुक्यातल्या या औष्णिक केंद्रात महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तिकडे अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की नांदगाव पेठ येते. तिथे २७० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे एकूण १,३५० मेगावॅट. जुने अमरावतीकर या प्रकल्पाला ‘सोफिया’ म्हणून ओळखतात. अकोला आणि अमरावती यांच्यात अंतर शंभरएक किलोमीटर. त्याच्या दोन्ही टोकांना कोळसा जळतो आणि मधल्या गावाशहरांत बॅटरीवाल्या गाड्या वाढताहेत. त्यामुळे पेट्रोल भरणाऱ्या शेजाऱ्याचा टोमणा ठरलेला असतो: धूर तुझ्या गाडीतून नाही तर पारसमधून निघतो, एवढाच फरक!

टोमण्यात तथ्य आहे, पण हिशेब अपुरा आहे.

पेट्रोलची स्कूटर शहरात लिटरला ४५ ते ५० किलोमीटर धावते आणि एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे शंभर किलोमीटरमागे साधारण पाच किलो. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमधली गळती धरून, साडेतीन युनिट लागतात. देशातल्या सगळ्या विजेची सरासरी काढली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. गुणाकार अडीच किलोवर येतो, म्हणजे पेट्रोलच्या निम्मा. प्रत्येक युनिट निव्वळ कोळशाचेच आहे असे धरले, तरी आकडा साडेतीन किलोच्या आसपास राहतो. कारण साधे आहे. पेट्रोल इंजिनात इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या मोटरीत फार थोडी.

यात बॅटरी बनवतानाचा धूर मिळवावा लागतो. तीन युनिट क्षमतेच्या बॅटरीमागे ढोबळमानाने दोनशे ते तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड आधीच खर्ची पडलेला असतो. शंभर किलोमीटरमागे अडीच किलो वाचत असतील, तर तो फिटायला दहा हजार किलोमीटर लागतात. रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्याचे हे देणे दीडेक वर्षात चुकते. गाडी अंगणात उभीच राहत असेल, तर ती पर्यावरणासाठी घेतली असे मालकाने सांगू नये.

कार्बनपलीकडेही एक हिशेब आहे आणि तो अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात सिग्नलला थांबलेल्या माणसाच्या नाकाशी आहे. तिथला धूर खरोखर कमी होतो. वाढते ती पारस आणि नांदगाव पेठच्या आसपासची राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते, ती कुठेतरी साठवावीच लागते. पाण्याचेही तसेच. सोफियाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून अमरावतीत मोठा वाद पेटला होता, कारण ते पाणी शेतकऱ्यांना सिंचनासाठी हवे होते. शहराने सुटकेचा श्वास घ्यायचा आणि खेड्याने राख झेलायची, ही वाटणी कुठल्याही सरकारी जाहिरातीत येत नाही. गंमत अशी, की आज सोफिया ज्या रतनइंडिया समूहाकडे आहे, त्याच समूहाच्या दुसऱ्या कंपनीने २०२३च्या जानेवारीत रिव्होल्ट ही विजेवरच्या मोटारसायकली बनवणारी कंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली. एका घराण्याची वीज कोळशाची आणि गाडी बॅटरीची!

विजेच्या गाड्यांसाठी सरकारने मात्र हात सैल सोडला आहे. महाराष्ट्राच्या २०२१च्या विद्युत वाहन धोरणात २०२५पर्यंत नव्या नोंदणीत दहा टक्के वाहने विजेची असावीत असे ठरले. चार्जिंग केंद्रांच्या यादीत मुंबईला १,५०० तर अमरावतीला ३० केंद्रे होती. अकोल्याचे नाव यादीत नव्हते. समृद्धी महामार्गही अकोला जिल्ह्याला न शिवता वाशिममधून गेला, त्यामुळे अकोलेकरांना याचे फारसे नवल वाटले नसावे. मे २०२५मध्ये आलेले नवे धोरण २०३०पर्यंत चालेल, त्यासाठी १,९९३ कोटींची तरतूद आहे. दुचाकीला दहा टक्के सवलत, समृद्धीवर विजेच्या मोटारींना आणि बसना टोलमाफी, शिवाय विजेच्या ट्रॅक्टरला पंधरा टक्के सवलत. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचेही त्यात म्हटले आहे. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. त्या हिशेबाने या टप्प्यातली चार-पाच केंद्रे उभारायला फार वेळ लागू नये.

वऱ्हाडाची खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. मे २०२४मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे गेला आणि प्रशासनाला उन्हासाठी कलम १४४ लावावे लागले. लिथियम बॅटरी अशा उष्णतेत लवकर म्हातारी होते. २०२२मध्ये देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्यावर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, तरी उन्हात तापलेली गाडी आणल्या आणल्या प्लगला लावू नये, एवढे पथ्य पाळावेच लागते. ई-रिक्षांच्या शिशाच्या बॅटऱ्या तर लिथियमच्याही आधी दम तोडतात. त्या परत घेण्याची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाला मात्र जास्त जवळ असतो आणि रोख पैसे देतो.

हाच सूर्य दुसऱ्या बाजूने कामाचा आहे. दुपारी ग्रीडमध्ये सौर वीज भरपूर असते; रात्री जेवण उरकून लोक गाडी चार्जिंगला लावतात, तेव्हा भार मुख्यतः कोळशावर असतो. एकच स्कूटर दुपारी चार्ज झाली तर स्वच्छ आणि रात्री झाली तर बरीच कमी स्वच्छ. धोरणाचे बहुतेक पैसे मात्र गाडीच्या किमतीवर खर्च होतात, चार्जिंगच्या वेळेवर नाही. वेळेचा विचार दिसतो तो वीजदरात: जुलै २०२५पासून टीओडी, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर मोजणारे, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळू लागली. पण त्या वेळेत नोकरदाराची गाडी घरी असतेच कुठे? ती असते अमरावतीच्या विद्यापीठात, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, जिल्हाधिकारी कचेरीत, बाजार समितीच्या आवारात, बहुधा पत्र्याच्या शेडखाली. त्या पत्र्यावर सौर पॅनेल आणि खाली प्लगांची रांग लावायला नवे संशोधन लागत नाही. सवलतीच्या रकमेतला एक वाटा या शेडकडे वळवला, तर टोमणे मारणाऱ्या शेजाऱ्याला उत्तर देणे पुष्कळ सोपे जाईल.