तारा कमी, वेग अधिक

जुना संगणक उघडला की हार्ड डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत गेलेली एक रुंद, चपटी पट्टी दिसते. तिच्या जोडणीत ४० पिनांची सोय असते. ही झाली 'समांतर एटीए' पद्धत. २००३ साली तिच्या जागी 'सॅटा' ही पद्धत आली. तिच्या केबलमध्ये अवघ्या ७ तारा. जुन्या पद्धतीचा कमाल वेग सेकंदाला १३३ मेगाबाइट होता. सॅटाची सुरुवातच १५० मेगाबाइटने झाली. तारा कमी होऊनही वेग कसा वाढला?

संचलनाचे उदाहरण घेऊ. सोळा मुले खांद्याला खांदा लावून सावकाश चालली, तर ओळ सरळ राहते. त्यांना धावायला सांगा. कोणी पुढे जाईल, कोणी मागे राहील. समांतर पद्धतीत १६ तारांवरून १६ बिट एकाच वेळी निघतात. कमाल वेगाला दोन खेपांमध्ये जेमतेम १५ नॅनोसेकंद मिळतात. सर्व बिट पोहोचून स्थिरावेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे ओळीचा वेग मागे राहणाऱ्यावर ठरतो. शिवाय शेजारच्या तारा एकमेकींत व्यत्यय आणतात. तो कमी करण्यासाठी पुढे केबलमध्ये ४० भूतारा वाढवून एकूण ८० तारा केल्या. पिना मात्र ४०च राहिल्या. केबलची लांबीही सुमारे ४६ सेंटिमीटरपर्यंतच ठेवावी लागे.

सॅटामध्ये बिट एकामागून एक धावतात, त्यामुळे ओळ सांभाळण्याचा प्रश्नच उरत नाही. सात तारांपैकी ३ भूतारा असतात. उरलेल्या चारांच्या दोन जोड्या : एक माहिती नेण्यासाठी, दुसरी आणण्यासाठी. जोडीतील दोन तारांवर परस्परविरुद्ध संकेत असतात आणि डिस्क त्यांतील फरक तेवढा वाचते. बाहेरचा व्यत्यय दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच येतो, म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो. त्यामुळे केबल १ मीटरपर्यंत लांब चालते.

विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. पहिल्या सॅटाचा वेग सेकंदाला १.५ अब्ज बिट. संकेतात पुरेसे चढउतार राहावेत व त्यांवरून वेळेचा ठेका ओळखता यावा, म्हणून ८ बिट माहिती १० बिटांत गुंफून पाठवतात. तर सेकंदाला किती बाइट पोहोचतील? १.५ अब्ज भागिले १०, म्हणजे १५ कोटी. अर्थात १५० मेगाबाइट. २००९ च्या आवृत्तीत हा वेग चौपट झाला.

याचा शाळेला एक व्यावहारिक उपयोग आहे. जुना संगणक बंद पडला तरी त्यातील डिस्क चांगली असू शकते. गुणपत्रके, दाखल्यांच्या नोंदी तिच्यात असतील, तर ती भंगारात देऊ नये. समांतर एटीएचे यूएसबीत रूपांतर करणारा जोड मिळतो. साडेतीन इंची डिस्क असेल तर स्वतंत्र वीजपुरवठा असलेला जोड घ्यावा, आणि डिस्क सुरू होताच प्रथम सर्व माहितीची प्रत करून ठेवावी.