बाईंच्या खणातली गोळी

जंतनाशक दिनी शाळेत सगळं कसं शिस्तीत चालतं. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी बाईंच्या देखत चावून खायची, घरी न्यायची नाही. जो आजारी आहे किंवा ज्याचं दुसरं औषध चालू आहे, त्याला वगळायचं. गैरहजर मुलांसाठी पुढे वेगळा दिवस. गोळी कोणाला दिली, याची नोंद ठेवायची. २०१५ साली सुरू झालेल्या या राष्ट्रीय मोहिमेसाठी शिक्षकांना प्रशिक्षणही दिलं जातं.

एरवी मात्र एखादं पोर "बाई, डोकं दुखतंय" म्हणत आलं, की टेबलाच्या खणातून पॅरासिटामॉल निघते. हेतू मायेचाच असतो. पालक कामावर, फोन लागत नाही, शाळेत नर्स नाही. पण मात्रा ठरते ती अंदाजाने.

मुलांची मात्रा खरं तर वजनावर ठरते. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम आणि दोन डोसांमध्ये किमान चार तासांचं अंतर. म्हणजे २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. खणातली गोळी मोठ्यांची, ५०० ची असली, तर हिशेब तिथेच चुकला. सिरपचंही तसंच: एका बाटलीतल्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं, तर दुसरीतल्या तेवढ्यातच २५०. त्यातून आईने सकाळी सर्दीचं औषध पाजून पाठवलं असेल, तर त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं. जास्तीच्या मात्रेचा फटका यकृताला बसतो.

काही गोळ्या तर मुलांच्या वाऱ्यालाही नकोत. फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये अ‍ॅस्पिरिन दिल्यास राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. निमेसुलाईड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे.

इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०१४ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार, अपवादात्मक प्रसंग सोडता, १६ वर्षांखालील मुलाला पालकांच्या लेखी संमतीशिवाय औषध द्यायचं नाही, मग ते चिठ्ठीविना मिळणारं का असेना. वेदनाशामक देण्याआधी मागचा डोस कधी घेतला ते तपासायचं, दिल्यावर पालकांना कळवायचं.

आपल्याकडेही यातलं बरंच काही एका वहीत बसेल. वर्षाच्या सुरुवातीला मुलाचं वजन, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि पालकांची सही घ्यायची. दुखणं आलं, की फोनवर विचारायचं: सकाळी काही दिलं होतं का, किती आणि किती वाजता?