शब्द नाहीत म्हणून मूल गप्प राहते

आमच्या वस्तीत बायकांची बैठक भरली होती. विषय होता मुलांच्या लैंगिक छळाचा. मी कायदा समजावू लागलो, तशी धुणीभांडी करणारी एक आई उठून म्हणाली, "सर, पोरीला सांगायचं हाय, पण कुठल्या शब्दानं सांगू? हाइत ते समदे शिव्यांतले." मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्या माऊलीला द्यायला माझ्यापाशीही शब्द नव्हता.

ज्याला शब्द नाही त्याला तक्रारही करता येत नाही. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, पण या विषयावर बोलणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका आपल्या चळवळीचा वारसा आहे.

केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील मुलांना विचारले गेले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही मोठ्या संख्येने होते. छळणारे पुष्कळदा ओळखीचे, विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाच सांगितले नव्हते. म्हणजे 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको' एवढी शिकवण पुरत नाही.

आपल्या घरांत आणखी एक अडचण आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहण्यासाठी आपण मुलांना आज्ञाधारकपणा शिकवला. मोठ्यांना उलट बोलू नये, मालकाच्या दारी गप्प उभे राहावे. याच मुलखात पोरी यल्लम्माला सोडल्या जात. स्वतःच्या देहाविषयी त्या पोरींना कोणी विचारले नाही. शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुलाला 'नाही' म्हणायला शिकवणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे.

मग बोलायचे कसे? त्या बैठकीत शेवटी बायकांनीच शब्द ठरवले: लघवीची जागा, संडासची जागा, छाती. साधे, शिवीशिवायचे. अंघोळ घालताना तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून सांगता येते की, ही अंगे तुझी आहेत. स्वच्छता किंवा दवाखाना सोडून तिथे कोणी हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या तिथे तुला लावायला सांगायचे नाही. काका-मामाच्या मांडीवर मूल जात नसेल तर ढकलू नये. 'आईला सांगू नको' असे जो म्हणेल, त्याचेच आधी सांगायचे, हे पक्के करावे. एकदाच व्याख्यान देऊन भागत नाही. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा बोलावे. मुलग्यांशीही बोलावे, आणि दुसऱ्याच्या देहाचा मान राखायलाही त्यांना शिकवावे.

मूल काही सांगू लागले तर मारू नये, 'तू तिथे गेलीसच का' असे विचारू नये. 'सांगितलेस ते बरे केलेस, चूक तुझी नाही,' एवढे आधी म्हणावे. अंगावरचे कपडे न धुता जपून ठेवावेत व तातडीने दवाखाना गाठावा. १०९८ या क्रमांकावर मदत मागता येते. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा कळल्यावर तो कळवणे बंधनकारक आहे. जबाब मुलाच्या घरी, विश्वासातल्या माणसासमोर, साध्या वेशातल्या पोलिसाने घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, त्याचे नाव छापता येत नाही. कार्यकर्त्यांनी हे पाठ करून ठाण्यात सोबत जावे. २०२४ मध्ये बदलापुरात बालवाडीतल्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. एकट्या मजूर बाईचे काय होत असेल!

'अब्रू जाईल' म्हणून घरे गप्प बसतात. दुसऱ्याने केलेल्या पापाची लाज आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या अंगावर वागवली. ती झुगारायला शतके लागली. आपल्या लेकरांच्या अंगावर तरी ती पुन्हा घालू नये. लाज ज्याची त्याच्याकडे जाऊ द्या.