परसातलं तळं – भाग ४ : खड्ड्याला अस्तर कशाचं?

मागच्या आठवड्यात खड्डा खणून झाला. वरून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, पाऊण मीटर खोल. चारी बाजूंनी अर्धा मीटर उतार सोडल्यामुळे तळाला २ बाय १. एवढ्यात सुमारे २,९०० लिटर पाणी मावतं. आता ते तिथं टिकवायचं कसं, ते पाहू.

खड्डा खणला की लोक लगेच ताडपत्री आणायला निघतात. मीही तेच केलं होतं. पहिल्या तळ्यात निळी ताडपत्री अंथरली, पावसाळा आणि थंडी छान गेली. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं आणि काठावर उघडा पडलेला पट्टा बोटानं दाबला, तर त्याचा भुगा झाला. आठवड्याभरात चिरा तळापर्यंत उतरल्या. मासे बादल्यांत भरून शेजारच्या हौदात हलवले, तरी निम्मे वाचले नाहीत. ते अजून मनाला लागतं, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो आहे.

काही विकत घेण्याआधी खड्डा तसाच पाण्यानं भरा. दोन-तीन दिवस भरत राहा, म्हणजे भोवतालची माती पिऊन तृप्त होईल. मग एक बादली पाण्यानं भरून खड्ड्यात अशी ठेवा, की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. बादलीतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि चोवीस तासांनी पाहा. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं, तेवढं उन्हानं नेलं. बाहेरचं त्याहून जास्त उतरलं असेल, तर तो जादा भाग जमिनीनं प्याला. घाटमाथ्याच्या पूर्वेला ऐन उन्हाळ्यात ऊनच दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी नेतं. आपल्या तळ्याच्या हिशेबानं रोजच्या चारेक बादल्या झाल्या. ही तूट कोणतंही अस्तर भरून काढत नाही, ती सावलीनंच कमी होते. चांगलं अस्तर असूनही ‘तळं गळतंय’ म्हणून हैराण झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी आधी ही बादली ठेवायला हवी होती.

पाझर फारच थोडा निघाला, तर तुमचं नशीब थोर. ओली माती तळहातावर वळून पाहा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली आणि तिचं कडं करता आलं, तर मातीत चिकणा अंश भरपूर आहे. अशा मातीला कोकणातले भातशेतकरी जे करतात तेच करायचं: चिखलणी. माझे मामा म्हणायचे, “खाचर पाणी धरतं ते पायांनी.” भिजलेली माती तुडवत गेलं, की तिच्या कणांची रचना मोडते, पोकळ्या बुजतात, बारीक कण खाली बसून घट्ट थर होतो आणि पाणी मुरणं मंदावतं. उतारावर आणि तळावर वीतभर जाडीचा असा चिखल तुडवून, धुमसानं ठोकून घेतला, तर पैशाचा खर्च जवळपास नाहीच. नीरा, प्रवरा, कृष्णेच्या कालव्याखालच्या पट्ट्यात ज्यांच्याकडे चोपण जमीन आहे, त्यांचं काम आणखी सोपं. सोडियममुळे तिथल्या मातीचे कण विखुरतात आणि छिद्रं बुजवतात. पिकाला जे मारक, ते तळ्याच्या तळाला उपकारक ठरतं.

काळ्या मातीत मात्र एक धोका आहे. ओली असताना ती फुगून पाणी अडवते, पण वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तळं बारा महिने ओलं ठेवता येणार असेल, तरच तिच्यावर भरवसा ठेवा. तिथं सिमेंटचं तळंही नको. खालची माती दरवर्षी फुगणार-आकसणार आणि वरचं पातळ काँक्रीट तडकणार. सिमेंट खपतं ते पक्क्या मुरमावर किंवा कातळावर, जाळी घालून. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि माशांना तो सोसत नाही, म्हणून दोन-तीन आठवडे पाणी भरून, बदलून मगच मासे सोडायचे. गवंड्याची मजुरी धरली, तर एवढ्याशा तळ्याला हा मार्ग सहसा महागच पडतो.

बेंटोनाइटबद्दल बरेचजण विचारतात. इमारतींच्या पायलिंगला लागणारी, कच्छच्या खाणींतून येणारी ही माती. पाण्यात ती कितीतरी पट फुगते. चौरस मीटरला १० ते १५ किलो धरली, तर आपल्या ९ चौरस मीटर तळ-उतारांना साधारण १०० ते १३० किलो, म्हणजे ५० किलोची दोन-तीन पोती लागतील. ती मातीत मिसळून, ठोकून, वर साध्या मातीचा थर द्यावा लागतो. पण बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम तिच्यातल्या सोडियमची जागा घेतो आणि तिचं फुगणं कमी होतं. तळं बोअरवर भरणार असाल, तर तिच्या वाटेला जाऊ नका.

आपल्याकडे बहुतेक परसांत मुरूम किंवा जांभा लागतो आणि तिथं पाणी थांबतच नाही. तिथं कागद हवाच. शेततळेवाले ज्याला ‘कागद’ म्हणतात, तो विणलेल्या प्लास्टिकवर दोन्ही बाजूंनी थर दिलेला ५०० मायक्रॉनचा काळा पडदा असतो. तो घ्या, आणि काळाच घ्या. काळेपणा येतो काजळीमुळे आणि तीच उन्हापासून प्लास्टिकला वाचवते. किती लागेल? लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांचे अर्धा-अर्धा मीटर मिळवा: ३ अधिक दीड अधिक १, म्हणजे साडेपाच मीटर. रुंदीत तसंच करून साडेचार. उतार असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमीच लागतो, तेव्हा हा हिशेब तोट्यात नेत नाही. २५ चौरस मीटरसाठी नवा कागद घेण्याआधी तालुक्याच्या गावी शेततळ्याचा कागद बसवणाऱ्यांना गाठा. मोठ्या तळ्याचा कागद कापताना जोडपट्ट्या आणि तुकडे उरतात. आपल्या मापाचा एकसंध तुकडा मिळाला, तर तो नव्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. मात्र तो उन्हाकडे धरून भोकं तपासून घ्या. दोन तुकडे जोडायचे असतील, तर जोड गरम हवेनं, त्यांच्याकडच्याच यंत्रावर करून घ्यावा. डिंक-चिकटपट्टीनं केलेला जोड पाण्याखाली टिकत नाही.

कागद फाटतो तो बहुधा खालून. एक टोकदार खडा, उसाचं किंवा झुडपाचं राहिलेलं खुंट, मुळाचा कोंभ, आणि तीन टन पाण्याचा भार. म्हणून तळ हातानं चाचपून खडे वेचा, मुळं छाटा, चाळलेली माती दोन-तीन बोटं पसरा आणि तिच्यावर गोणपाट किंवा जुने फ्लेक्स अंथरा. निवडणुका आणि वाढदिवस उलटले की हे फ्लेक्स भंगारात कमी पैशांत मिळतात. उन्हात ते कडक होऊन तडकतात, पण कागदाखाली, अंधारात, गादी म्हणून उत्तम काम देतात. घुशींचा वावर असेल, तर बिळं आधी बुजवून मगच पुढचं काम करा.

कागद सकाळच्या उन्हात तासभर पसरून ठेवा. तो मऊ पडतो, मग सैल सोडून अंथरा. ताणून बसवला, तर पाण्याच्या भारानं कोपऱ्यांत फाटेल. आधी वीतभर पाणी सोडा, सुरकुत्या हातानं सारख्या करा, आणि मगच काठापर्यंत भरा. तळ्यापासून हातभर अंतरावर वीतभर खोल चर खणून त्यात कागदाची कड गाडा. पाणी भरण्याआधी ती गाडू नका, कारण भरताना कागद आत सरकतो. राहिला तो काठाचा पट्टा, माझी ताडपत्री जिथून गेली तोच. पाण्याची पातळी वरखाली होते तिथला कागद उन्हाला उघडा ठेवू नका. गोल दगड, माती भरलेली पोती, त्यांवर लोंबणारी ब्राह्मी, काहीही चालेल. ऊन कागदावर पडता कामा नये.

आणि एक. ओला, शेवाळलेला कागद भयंकर निसरडा असतो. शेततळ्यांत माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. काठ समोर असूनही पाय रोवता येत नाही, हे त्यामागचं कारण. आपलं तळं कमरेएवढंही नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला एवढं पाणी पुरेसं आहे. एका बाजूला सपाट दगडांच्या तीन पायऱ्या करा, त्यांच्याखाली कागदावर फ्लेक्सची दुहेरी घडी घाला, म्हणजे दगड रुतणार नाहीत. शेजारच्या झाडाला किंवा पक्क्या खुंटीला गाठी मारलेला नायलॉनचा दोर बांधून त्याचं टोक पाण्यात सोडून ठेवा. आणि घरात लहान मूल असेल, तर भोवतीचं कुंपण आधी, पाणी नंतर.